हवेतली वाट पाडणारा वीर : एअर कमोडोर मेहरसिंग



‘मेहरबाबा’ हे नाव महाराष्ट्रात उच्चारले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर अहिल्यानगरजवळच्या अरणगावचे मौनव्रती सत्पुरुष उभे राहतात. ते स्वाभाविक आहे. पण भारतीय वायुदलातही एक ‘मेहरबाबा’ होऊन गेले. ते संत नव्हते, तर योद्धे होते. त्यांचे पूर्ण नाव एअर कमोडोर मेहरसिंग. सहकारी त्यांना प्रेमाने ‘बाबा’ म्हणत. १९४८ च्या मे महिन्यात लेहच्या वाळवंटी पट्टीवर पहिले लष्करी मालवाहू विमान उतरवणारा हा माणूस. त्याची ओळख आपल्याकडे फारच थोड्यांना आहे. आज त्यांचे स्मरण करायचे आम्ही योजले आहे.

वीरपुरुषाचे व्याख्यान म्हटले की अंगावर रोमांच उठतील अशा कथा ऐकायला मिळाव्यात, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. तशा कथा या चरित्रात पुष्कळ आहेत आणि त्या आम्ही सांगूही. पण त्या सांगत असताना एक प्रश्न आम्हाला आपल्यापुढे ठेवायचा आहे. धाडस आणि बेफिकिरी यांत फरक कोणता? दोन्हींत जिवाची पर्वा नसते, दोन्ही दुरून सारखीच दिसतात. मग एकाला आपण वंदन का करावे आणि दुसऱ्याला दोष का द्यावा? मेहरसिंगांच्या आयुष्यात या प्रश्नाचे उत्तर सापडते, असे आम्हाला वाटते.

मेहरसिंगांचा जन्म २० मार्च १९१५ रोजी लायलपूर येथे झाला. ते गाव आज पाकिस्तानात आहे आणि त्याचे नाव आता फैसलाबाद असे आहे. त्यांच्या जन्मसमयी हिंदी माणसाने लढाऊ विमान चालवावे ही कल्पनाच सरकारला मानवणारी नव्हती. पहिल्या महायुद्धात चारदोन हिंदी तरुण इंग्लंडात शिकत होते म्हणून तिथल्या विमानदलात शिरले. आपल्या मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर त्यांतलेच. १९१८ च्या जूनमध्ये फ्रान्सच्या आघाडीवर त्यांनी देह ठेवला. पण ते अपवाद होते. हिंदुस्थानचे स्वतःचे विमानदल ८ ऑक्टोबर १९३२ रोजी कायद्याने स्थापन झाले, आणि १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ ड्रिग रोड येथे त्याची पहिली तुकडी उभी राहिली. विमाने चार, तीही वापिती जातीची, कापडाने मढवलेली, दोन पंखी आणि ब्रिटिशांनी वापरून जुनी केलेली. हिंदी अधिकारी बोटांवर मोजण्याइतके, आणि हाताखाली थोडेसे ‘हवाई शिपाई’. आरंभ हा असा होता.

मेहरसिंग इंग्लंडात क्रॅनवेलच्या विमानविद्यालयात १९३४ साली दाखल झाले आणि १९३६ साली अधिकारी होऊन या तुकडीत आले. वायव्य सरहद्दीवर वझिरीस्तानात त्या वेळी टोळ्यांविरुद्ध मोहिमा चालू होत्या. त्या मोहिमा साम्राज्याच्या होत्या, त्यांचे समर्थन करण्याचे आम्हाला कारण नाही. पण विमान चालवण्याचे शिक्षण म्हणून ती शाळा भयंकर कठीण होती. अरुंद दऱ्या, दुपारी उसळणारे वारे आणि कड्यावरून खाली जाणाऱ्या विमानावर नेम धरणारा पठाण! इथे गोळी वरून खाली येई, खालून वर नव्हे. अशाच एका उड्डाणात मेहरसिंगांच्या विमानाला गोळी लागली, आणि शत्रूच्या मुलखातच विमान खाली टेकवावे लागले. ते आणि त्यांचा तोफची गुलाम अली असे दोघे अंधारात डोंगर तुडवीत, टोळीवाल्यांना चुकवीत आपल्या ठाण्यावर पोचले. पुढे लवकरच ते पुन्हा विमानात बसलेले दिसले.

ही कथा बहुतेक ठिकाणी शौर्यकथा म्हणून सांगतात. आम्हाला तीत दुसरेच काही दिसते. विमान पडल्यावर पिस्तूल उपसून मरायला तयार होणे त्या मानाने सोपे होते. मेहरसिंगांनी रात्रीचा, दऱ्यांचा, पायवाटांचा विचार केला आणि सोबत्याला घेऊन ते परत आले. ‘परत आले’ हे दोन शब्द श्रोत्यांनी ध्यानात ठेवावेत.

दुसरे महायुद्ध सुरू झाले. १९४२ च्या डिसेंबरात त्रिचनापल्लीला सहा नंबरचे स्क्वॉड्रन उभे राहिले आणि मेहरसिंग त्याचे प्रमुख झाले. पुढल्या वर्षाच्या अखेरीस हे स्क्वॉड्रन ब्रह्मदेशाच्या सीमेवर आराकानच्या आघाडीला गेले. त्यांच्याकडे हरिकेन विमाने होती. एके काळी ती नावाजलेली होती, पण जपानी लढाऊ विमानांपुढे आता जुनी झाली होती. त्यांचे काम बाँब टाकण्याचे किंवा हवेत झुंजण्याचे नव्हते. काम टेहळणीचे. शत्रूच्या डोक्यावरून खालून जायचे, त्याचे रस्ते, होड्या, छावण्या, तोफा पाहायच्या, छायाचित्रे घ्यायची, आणि परत येऊन आपल्या सेनापतीला सांगायचे.

श्रोतेहो, टेहळणी हा युद्धातला सर्वांत अवघड धर्म आहे. झुंजणाऱ्या वैमानिकाने शत्रूची दोन विमाने पाडून तिसऱ्याच्या गोळीने प्राण सोडला, तर त्याचे काम पुष्कळ अंशी झाले असे म्हणता येईल. टेहळ्या मेला तर त्याने पाहिलेले सर्व त्याच्याबरोबर बुडते. परत येणे हेच त्याचे काम. शत्रूचे विमान दिसले तरी त्याच्यावर झडप घालण्याचा मोह त्याने आवरला पाहिजे. मान खाली घालून, झाडांच्या शेंड्यांवरून, दऱ्यांच्या वळणांतून निसटून आले पाहिजे. मेहरसिंगांचे वैमानिक जोडीने जात. एकाने जमीन पाहायची आणि दुसऱ्याने आकाश. जो जमीन पाहतो त्याने आपला जीव सोबत्याच्या डोळ्यांवर सोपवायचा. जनरल स्लिम यांच्या चौदाव्या सेनेचे हे स्क्वॉड्रन ‘डोळे’ झाले. स्लिम यांनी आपल्या युद्धस्मृतींत या हिंदी स्क्वॉड्रनची मोठ्या आदराने आठवण काढली आहे. जुन्या विमानांतून जोडीजोडीने, शत्रूचे हवेतले बळ कितीतरी अधिक असताना, ते वैमानिक पुन्हापुन्हा जात राहिले, हे त्यांच्या ध्यानात राहिले. १९४४ साली मेहरसिंगांना डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर हा ब्रिटिश सन्मान मिळाला. त्या महायुद्धात हिंदी विमानदलात हा सन्मान मिळालेले अधिकारी तेच एकटे.

इथे एक शंका आपल्यापैकी अनेकांच्या मनात आली असेल, आणि ती आम्ही टाळणार नाही. १९४४ चा फेब्रुवारी महिना आठवा. आराकानच्या जंगलात स्लिम यांच्या फौजेला जपान्यांनी वेढा घातला होता आणि मेहरसिंगांची विमाने दिवसाला अनेक फेऱ्या करीत होती. त्याच महिन्यात, २२ तारखेला, पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ब्रिटिशांच्या कैदेत कस्तुरबांनी प्राण सोडला. ‘छोडो भारत’ म्हणून तुरुंगात गेलेले हजारो लोक तेव्हा आतच होते. त्याच ब्रह्मदेशाच्या सीमेवर आझाद हिंद सेनेचे जवान दुसऱ्या बाजूने उभे होते. मग परक्याच्या निशाणाखाली मिळवलेल्या पदकाचा आपण गौरव करायचा का?

या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे झटकन उत्तर देणाऱ्याने त्या काळाचा गुंता समजून घेतलेला नाही, असेच म्हणावे लागेल. तुरुंगात जाणारा, आझाद हिंद सेनेत जाणारा आणि सरकारी विमान चालवणारा, हे तिघे एकाच आळीत वाढलेले असू शकत. आम्ही एवढेच म्हणतो की, पदक कोणी दिले याला काही वर्षांनी महत्त्व उरत नाही. त्या माणसाच्या हातात कोणती विद्या आली आणि ती पुढे कोणाच्या कामी पडली, हे महत्त्वाचे ठरते. आराकानच्या त्या वेढ्यात लोकांना एक गोष्ट प्रथमच मोठ्या प्रमाणावर पाहायला मिळाली. वेढलेल्या फौजेने माघार न घेता जागेवरच उभे राहायचे आणि तिला दाणापाणी, दारूगोळा, औषधे विमानांनी पुरवायची. ब्रह्मदेशातला तो धडा चार वर्षांच्या आत काश्मीरमध्ये उपयोगी पडला. आणि तेव्हा निशाण आपले होते.

देश स्वतंत्र झाला, फाळणी झाली, आणि १९४७ च्या ऑक्टोबरात टोळीवाले काश्मीरमध्ये शिरले. २७ ऑक्टोबरला सकाळी दिल्लीहून शीख पलटणीचे जवान घेऊन डाकोटा विमाने श्रीनगरला उतरली, तो इतिहास आपणांस ठाऊक आहे. श्रीनगर वाचले. पण जम्मू-काश्मीरचा मुलूख केवढा! श्रीनगरच्या एका बाजूला पूंछ आणि दुसऱ्या बाजूला लडाख, आणि मध्ये नुसते डोंगर. तिथल्या सर्व हवाई कारवायांची जबाबदारी मेहरसिंगांवर आली. वय ३२ वर्षांचे, हुद्दा एअर कमोडोरचा, आणि हाताशी थोडी लढाऊ विमाने आणि थोडी डाकोटा.

डाकोटा हे दोन इंजिनांचे, मुळात उतारू नेण्यासाठी बांधलेले विमान. त्यात बाहेरच्या विरळ हवेपासून आतल्या माणसाचे रक्षण करणारी बंदिस्त दाबाची सोय नाही. बैलगाडी जशी खेड्यातल्या सर्व कामांना पुरी पडते, तशी ही विमाने त्या युद्धात सर्व कामांना जुंपली गेली.

पहिली कसोटी पूंछची. नोव्हेंबर १९४७ पासून ते गाव चहूबाजूंनी वेढले गेले. आत लेफ्टनंट कर्नल प्रीतमसिंग यांची शिबंदी आणि आसऱ्याला आलेले सुमारे ४० हजार निर्वासित. रस्ते तुटलेले. धान्य आणि दारूगोळा आणायचा कुठून? प्रीतमसिंगांनी निर्वासितांनाच हाताशी धरले. बायाबापड्या, म्हातारे, पोरे अशा हजारो हातांनी शेते सपाट केली, बांध फोडले, घरे आड येत होती ती हटवली आणि थोड्याच दिवसांत विमान उतरण्याजोगी पट्टी तयार केली. पट्टी तोकडी. भोवती पाण्याचे ओहोळ आणि त्यापलीकडे शत्रूच्या ताब्यातले डोंगर. इथे सरळ रेषेत हळूहळू उतरायला जागा नव्हती. डोंगर ओलांडताच विमान एकदम खाली घ्यायचे, आणि पट्टी संपायच्या आत थांबवायचे.

१९४७ च्या डिसेंबरात मेहरसिंगांनी आपल्या हाताने डाकोटा त्या पट्टीवर उतरवले. बरोबर सुब्रतो मुखर्जी होते, जे पुढे १९५४ साली आपल्या वायुदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. प्रमुख स्वतः उतरून परत गेला, हे पाहिल्यावर इतर वैमानिकांच्या मनात ‘हे शक्य आहे का’ हा प्रश्न उरला नाही. मग विमानांची रीघ लागली. जाताना पीठ, मीठ, गोळ्या, औषधे. येताना जखमी माणसे आणि निर्वासित.

१९४८ च्या मार्चमध्ये शत्रूने डोंगरावर तोफा चढवून पट्टीवरच मारा सुरू केला. दिवसा उतरणे अशक्य झाले. पूंछला वाचवायचे तर आत तोफा पोचवायला हव्या होत्या. तेव्हा रात्री जायचे ठरले. पट्टीच्या कडेला तेलाचे दिवे मांडले, आणि त्या मिणमिणत्या उजेडात, तोफांचे जड ओझे पोटात घेऊन मेहरसिंगांनी विमान खाली आणले. नेहमीच्या मर्यादेहून कितीतरी अधिक ओझे त्यांनी आणल्याची नोंद आहे. पूंछच्या तोफा बोलू लागल्या आणि शत्रूला मागे सरावे लागले. वर्षभर वेढ्यात राहून ते गाव पडले नाही. १९४८ च्या नोव्हेंबरात आपली फौज जमिनीवरून तिथे पोचली.

त्याच दिवसांत, त्याच डोंगररांगांच्या पायथ्याशी, राजौरीच्या रस्त्यावर एक दुसरा माणूस वाट मोकळी करीत होता. कारवारजवळच्या चेंडियाचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे. खडकीला ज्यांचे ठाणे आहे त्या बॉम्बे सॅपर्सचे ते अधिकारी. एप्रिल १९४८ मध्ये जखमी असतानाही त्यांनी सुरुंग काढले, झाडे हटवली, आणि एके ठिकाणी चालत्या रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत जाऊन, दोरीने चालकाला इशारे देत रस्ता साफ केला. त्यांना परमवीरचक्र मिळाले. राणे आणि मेहरसिंग एकमेकांना भेटले असोत वा नसोत, त्यांचे काम एकाच जातीचे होते. मागून येणाऱ्यांसाठी वाट करून देणे.

आता लेहकडे वळू. आपल्याकडची कितीतरी मंडळी हल्ली उन्हाळ्यात लेहला जातात. विमानातून उतरल्यावर पहिला दिवस खोलीत पडून राहा, जिना चढू नका, धावू नका, असे त्यांना बजावून सांगतात. लेह सुमारे साडेअकरा हजार फूट उंचीवर आहे. तिथली हवा समुद्रकाठच्या मानाने जवळजवळ तीस टक्के विरळ. माणसाला जसा दम लागतो, तसाच तो इंजिनालाही लागतो. हवा विरळ म्हणजे जाळायला प्राणवायू कमी, म्हणून इंजिनाचा जोर कमी. पंख्याला कापायला आणि पंखांना टेकायला हवाही कमी, म्हणून उतरताना विमान अधिक वेगाने जमिनीला लागते, आणि पुन्हा उचलायला अधिक लांब पट्टी लागते. उतरता आले म्हणजे उडता येईलच, असे नाही.

१९४८ च्या मे महिन्यात कारगिल शत्रूच्या हाती गेले. श्रीनगरहून लेहला जाणारा झोजी खिंडीचा रस्ता तुटला. शत्रूच्या टोळ्या सिंधूच्या खोऱ्यातून लेहकडे सरकू लागल्या. लेहमध्ये शिबंदी किती? ऐन हिवाळ्यात झोजी खिंडीचा बर्फ तुडवीत मेजर पृथीचंद यांच्याबरोबर आलेले डोग्रा पलटणीचे चाळीसएक स्वयंसेवक, काही संस्थानी शिपाई, आणि नुब्रा खोऱ्यातल्या १७ वर्षांच्या छेवांग रिंचेनसारखे लडाखी तरुण. लेहला दुसऱ्या वाटेने फौज पायी पाठवायची तर आठवडेच्या आठवडे लागणार. तोवर मठ, गाव, सारे लुटले गेले असते.

एक आशा होती. लडाखचेच अभियंते सोनम नोर्बू यांनी गावकऱ्यांच्या मदतीने, फावडी आणि टोपल्या यांच्या जोरावर, सिंधूच्या काठच्या वाळूत थोड्या आठवड्यांत एक पट्टी आखून तयार केली होती. तिच्यावर विमान उतरेल की नाही हे कोणालाच ठाऊक नव्हते. वाटेत झोजी खिंड साडेअकरा हजार फुटांवर, फोतू खिंड तेरा हजारांच्या पलीकडे, आणि बाजूला नून-कूनसारखी तेवीस हजार फुटांहून उंच शिखरे. या मार्गाचे विमानासाठी केलेले नकाशे नाहीत. पंखांवर साचणारे बर्फ काढण्याची सोय नाही. दुपार झाली की खोऱ्यांत वारे सुटतात आणि खिंडी ढगांनी भरतात. एक इंजिन बंद पडले तर दुसऱ्याच्या जोरावर इतक्या उंचीवर तग धरणे अशक्य. थोडक्यात, चुकायला वाव नाही.

जनरल थिमय्या यांच्याकडे तिथल्या फौजेची सूत्रे होती. त्यांनी मेहरसिंगांना विमान उतरवण्याविषयी विचारले, आणि २४ मे १९४८ रोजी मेहरसिंग निघाले. विमान त्यांनी स्वतः चालवले, आणि उतारूच्या जागी स्वतः थिमय्या बसले. एकाने ‘जा’ म्हणायचे आणि दुसऱ्याने जायचे, असा हा प्रकार नव्हता. ज्याने विचारले आणि ज्याला विचारले, ते दोघेही त्याच विमानात. झोजी ओलांडली, फोतू ओलांडली, सिंधूचे पात्र दिसले, आणि विमान लेहच्या वाळूत टेकले. मग तेच विमान त्या विरळ हवेतून पुन्हा उचलून ते परत आले. जूनमध्ये गुरखा पलटणीच्या तुकड्या विमानांनी लेहला पोचू लागल्या. लेह वाचले, आणि लेहबरोबर लडाखचा फार मोठा भाग वाचला.

याच्या शेजारी स्कार्दूची गोष्ट ठेवून पाहावी म्हणजे या उड्डाणाचे मोल कळते. स्कार्दूच्या किल्ल्यात लेफ्टनंट कर्नल शेरजंग थापा मूठभर माणसांनिशी वेढ्यात अडकले होते. तिथे आपल्या डाकोटांना उतरता येत नव्हते. लढाऊ विमानांच्या पंखांखाली पेट्या बांधून वरून धान्य आणि गोळ्या टाकल्या जात. त्यांतल्या काही आत पडत, काही शत्रूच्या हाती जात. सहा महिने ते शूर लोक लढले आणि १४ ऑगस्ट १९४८ रोजी, अन्न आणि गोळ्या संपल्यावर, स्कार्दू पडले. थापांचे शौर्य कमी नव्हते. त्यांना वाट नव्हती. पूंछ, लेह आणि स्कार्दू या तीन गावांचे भवितव्य निराळे झाले. त्याची कारणे अनेक आहेत, पण विमान टेकू शकेल अशी एक पट्टी आणि तिच्यावर प्रथम उतरणारा एक माणूस, हे त्यांतले मोठे कारण होय.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. एका मोठ्या दलाच्या प्रमुखाने असे स्वतः जावे का? पुष्कळ जाणकार म्हणतील, जाऊ नये. सेनापतीचे स्थान नकाशापुढे असते. तो पडला तर सर्व व्यवस्था कोसळते. शिवाय एका डाकोटात एअर कमोडोर आणि मेजर जनरल दोघेही, म्हणजे दोन्ही अंडी एकाच टोपलीत! हा आक्षेप वजनदार आहे. रोज उठून प्रमुख असाच करू लागला, तर त्याला आम्हीही बेफिकीरच म्हणू.

पण इथे परिस्थिती काय होती ते पाहिले पाहिजे. हे उड्डाण शक्य आहे की नाही, हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेले नव्हते. ते कळण्याचा मार्ग एकच, जाऊन पाहणे. म्हणजे लेहचे पहिले उड्डाण हा हल्ला नव्हता, ती टेहळणीच होती. आराकानमध्ये मेहरसिंग जे करीत होते तेच त्यांनी हिमालयात केले. आधी जायचे, डोळ्यांनी पाहायचे, परत यायचे, आणि मागच्यांना सांगायचे. या कामासाठी त्या घटकेला त्यांच्याइतका अनुभवी माणूस दुसरा कोण होता? तरुण वैमानिकाला पाठवले असते, आणि तो परत आला नसता, तर वाट खरेच अशक्य आहे की त्याचाच हात कमी पडला, हे कधीच कळले नसते. आणि मग दुसऱ्याला पाठवण्याचे धैर्य कोणाला झाले असते?

आमच्या मते धाडस आणि बेफिकिरी यांतला फरक इथे आहे. बेफिकीर माणूस स्वतःपुरता जातो. तो पार पडला तर त्याचे नाव होते, पण त्याच्या मागून कोणी जाऊ शकत नाही. तो करून दाखवतो ते त्याच्याबरोबरच संपते. धाडसी माणूस अशा रीतीने जातो की त्याच्या मागून साधारण कुवतीचे लोकही जाऊ शकतील. पहिल्या दिवशी जे अचाट वाटले, ते महिन्याभरात रोजचे काम होते. आज लेहला सकाळच्या विमानाने उतरणाऱ्या आजीबाईंना आपण काही विशेष केले असे वाटत नाही. त्यांना तसे वाटत नाही, हाच मेहरसिंगांचा मोठा विजय आहे.

या कामात ते एकटे नव्हते, हेही सांगितलेच पाहिजे. पट्टीवर माती वाहणारी पूंछची निर्वासित बाई, टोपली उचलणारा लडाखी शेतकरी, रात्रभर इंजिने दुरुस्त करणारे मिस्त्री, आणि दिवसाला फेऱ्यांवर फेऱ्या करणारे वैमानिक, या सर्वांचा त्यात वाटा आहे. त्या मोहिमेतले विंग कमांडर हृषीकेश मुळगावकर हे तर आपले महाराष्ट्रीय. त्यांनाही महावीरचक्र मिळाले आणि १९७६ ते १९७८ या काळात ते वायुदलाचे प्रमुख होते. एका माणसाला देव्हाऱ्यात बसवून बाकीच्यांना अंगणात उभे करायचे, ही आपली जुनी खोड आहे. मेहरसिंगांच्या बाबतीत ती सोडावी, कारण त्यांचे सारे मोठेपण इतरांना बरोबर घेऊन जाण्यात होते.

पुढची कथा थोडी आणि उदास आहे. हवाई मुख्यालयाशी त्यांचे मतभेद झाले आणि त्यांनी नोकरी सोडली. त्या मतभेदांत कोणाचे किती चुकले, याचा निवाडा करायला आम्ही बसलेलो नाही. एवढे मात्र खरे की, अनोळखी खोऱ्यात वाट काढणारी माणसे कार्यालयाच्या वाटेवर नेहमीच नीट चालतात असे नाही. आणि कार्यालयालाही त्यांना सांभाळून घेण्याची कला नेहमी साधते असे नाही. युद्ध संपल्यावर हा प्रश्न प्रत्येक सैन्यात उभा राहतो. कारखान्यांत, शाळांत, नगरपालिकांतही तो उभा राहतोच. देशाने त्यांना महावीरचक्र दिले. नोकरी सोडल्यावर ते पतियाळाच्या महाराजांचे सल्लागार होते. १९५२ च्या मार्चमध्ये जम्मूहून दिल्लीकडे एका लहान विमानाने येत असताना ते वादळात सापडले, आणि विमान कोसळून त्यांचा अंत झाला. वय ३७ वर्षांचेही पुरे झाले नव्हते. आयुष्यभर परत येणारा माणूस त्या रात्री परत आला नाही.

अलीकडे वायुदलाने त्यांची आठवण एका निराळ्या रीतीने जागवली. २०१८ साली त्यांच्या नावाने एक स्पर्धा जाहीर झाली. पूर, भूकंप अशा आपत्तींत जिथे रस्ते तुटतात तिथे वैमानिक नसलेल्या लहान विमानांचे थवेच्या थवे पाठवून अन्न आणि औषधे कशी पोचवता येतील, याचे यंत्र बनवण्याची ती स्पर्धा. हे स्मारक आम्हाला दगडी पुतळ्यापेक्षा अधिक समर्पक वाटते. पूंछच्या उपाशी माणसांना पीठ नेऊन देणाऱ्याच्या नावाने असेच काही व्हायला हवे होते.

श्रोतेहो, वीरांचे स्मरण आपण पुष्कळदा पुण्यतिथीला हार घालून उरकतो. हार वाळतो आणि आपण मोकळे होतो. मेहरसिंगांचे स्मरण करायचे तर त्यांचा नेम आपल्या व्यवहारात किती उतरतो ते पाहावे लागेल. युद्ध आपणांपैकी फार थोड्यांच्या वाट्याला येते. पण ‘तुम्ही पुढे व्हा, आम्ही मागून येतो’ असे म्हणण्याचे प्रसंग प्रत्येकाच्या वाट्याला येतात. घरात येतात, संस्थेत येतात, गावाच्या कामातही येतात. अशा वेळी अधिकार हाती असलेल्या माणसाने प्रथम आपण जाऊन वाट पाहून यावे, ती चालण्याजोगी करावी, आणि मगच दुसऱ्याला ‘चल’ म्हणावे. आणि त्याच्या मागून गेलेल्यांनी, वाट सोपी झाल्यावर, ती एके दिवशी कोणी तरी पाडली होती हे विसरू नये.

येत्या उन्हाळ्यात आपल्यापैकी कोणी लेहला गेलात, आणि विमान डोंगरांच्या मधून वळसा घेत सिंधूच्या खोऱ्यात खाली येऊ लागले, तर खिडकीतून क्षणभर बाहेर पाहा. ते उघडे डोंगर, ती वाळू, ते निळसर पाणी. १९४८ च्या मे महिन्यात त्या खोऱ्यात फौजेला पोचण्याची दुसरी जवळची वाट उरली नव्हती, एवढे शेजारी बसलेल्या मुलाला सांगा. त्याने नाव विचारले, तर मेहरसिंगांचे नाव सांगा, आणि सोनम नोर्बूंचेही सांगा.